अण्णांच्या गोळ्या आणि दीड लाखाचं पाणी

प्रश्न: माझे सासरे, अण्णा, ७१ वर्षांचे आहेत. अठरा वर्षांपासून मधुमेह आहे. या वेळच्या तपासणीत क्रिएटिनिन २.६, ईजीएफआर (किडनीची गाळण्याची क्षमता) २६, पोटॅशियम ५.१ आणि बायकार्बोनेट १७ आलं. किडनीच्या डॉक्टरांनी मधुमेहाच्या औषधांपैकी मेटफॉर्मिन बंद केली, डापाग्लिफ्लोझिन चालू ठेवली आणि सोडियम बायकार्बोनेटच्या (म्हणजे खायच्या सोड्याच्या) ५०० मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा दिल्या. या गोळ्यांनी अण्णांना ढेकर येतात, पोट फुगतं. नणंदेच्या ओळखीचे एक गृहस्थ अल्कलाइन पाण्याचं यंत्र दाखवून गेले. किंमत दीड लाख. दोन पेल्यांत त्यांनी थेंब टाकले, तर आमचं आरओचं पाणी पिवळं झालं आणि त्यांचं जांभळं. अण्णांच्या लघवीत पट्टी बुडवून म्हणाले, "यांचं शरीर पूर्ण अ‍ॅसिडिक झालंय." यंत्र घेतलं की गोळ्या लागणार नाहीत, लिंबू-टोमॅटो-दही बंद करा, रोज शहाळं द्या, असं त्यांचं म्हणणं. अल्कलाइन शरीरात कॅन्सर होत नाही आणि या शोधाला नोबेल मिळालंय, असं पत्रकात लिहिलंय. नणंद म्हणते, बायकार्बोनेट जितकं जास्त तितकं चांगलं. गोळ्या थांबवून महिनाभर पाणी देऊन बघायचं का? अण्णा नवरात्राचे नऊ दिवस उपासही धरतात. घरात रोज वाद चाललाय.
— एक सून, सातारा

उत्तर: ताई, अण्णांच्या गोळ्या एक दिवसही थांबवू नका. यंत्र घेऊ नका. शहाळं सुरू केलं असेल तर आजच बंद करा. कारणं जरा सविस्तर सांगतो, कारण ती तुम्हाला घरच्यांना पटवून द्यायची आहेत आणि नुसतं "डॉक्टर नको म्हणाले" एवढ्याने कोणाचं समाधान होत नाही.

त्या गृहस्थांच्या प्रयोगापासूनच सुरुवात करू. थेंबांतलं रसायन पाण्याच्या पीएचप्रमाणे रंग बदलतं. पीएच म्हणजे आम्ल-अल्क मोजण्याचं माप: ७ च्या खाली आम्ल, ७ च्या वर अल्क. रंग खरा आहे, त्यात हातचलाखी नाही. ते पुन्हा आले तर त्यांच्याच जांभळ्या पाण्यात एक स्ट्रॉ बुडवा आणि हळूहळू फुंकत राहा. पाणी मात्र चुकूनही ओढू नका, त्यात रसायन आहे. थोड्याच वेळात जांभळा रंग उतरायला लागेल, पाणी हिरवट आणि मग पिवळसर होईल. तुमच्या श्वासातून बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला, त्याचं कार्बॉनिक आम्ल झालं आणि यंत्राने चढवलेला पीएच खाली आला. नणंदेला शेजारी बसवून करा हा प्रयोग. माझ्या चार पानी उत्तरापेक्षा तो जास्त बोलेल.

जे पाणी फुंकरीपुढे टिकत नाही ते पोटात टिकेल कसं? जठरातल्या रसाचा पीएच साधारण १.५ ते ३ असतो. पीएचचं माप असं आहे की एक अंक बदलला की आम्लाचं प्रमाण दहापट बदलतं. हिशोब करून पाहा. साडेनऊ पीएचच्या एक लिटर पाण्यात पीएच वाढल्यामुळे जे हायड्रॉक्साइड, म्हणजे आम्लाला मारणारा अल्क, येतं ते सुमारे ०.०३ मिलिमोल (मिलिमोल हे रसायनाचं प्रमाण मोजण्याचं एकक). पीएच २ असलेला जठररस तीनेक मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या चमच्याहून थोडा जास्त, एवढ्यातच ते संपतं. अण्णांच्या ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ६ मिलिमोल बायकार्बोनेट असतं. तेवढा अल्क त्या पाण्यातून मिळवायचा तर साधारण १९० लिटर पाणी प्यायला हवं, म्हणजे जवळजवळ एक मोठं पिंप. ही एका गोळीची गोष्ट झाली आणि अण्णांना रोज सहा लागतात.

आता अण्णांच्या शरीरात नेमकं काय बिघडलंय ते बघू. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ च्या दरम्यान राहावा लागतो. ६.८ च्या खाली किंवा ७.८ च्या वर माणूस सहसा वाचत नाही, इतका हा पट्टा अरुंद आहे. आणि आपण काहीही खाल्लं-प्यायलं, नुसते झोपून राहिलो, तरी शरीरात आम्ल तयार होतच असतं. त्यातला फार मोठा भाग कार्बन डायऑक्साइडचा, दिवसाला सुमारे १५,००० मिलिमोल, आणि तो फुप्फुसं बाहेर टाकतात. रक्तात आम्ल किंचित वाढलं की मेंदूतल्या श्वसनकेंद्राला लगेच कळतं आणि काही मिनिटांत श्वास खोल व्हायला लागतो. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

दुसरा भाग लहान, पण चिवट. प्रथिनांत गंधक असलेली अमिनो आम्लं असतात, त्यांच्यापासून शरीरात सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. हे आणि अशी इतर आम्लं मिळून रोज वजनाच्या दर किलोमागे साधारण १ मिलिमोल, म्हणजे साठ किलोच्या माणसात ६० मिलिमोलच्या आसपास. हे आम्ल श्वासावाटे जात नाही. रक्तातलं बायकार्बोनेट त्याला तिथल्या तिथे गाठून निष्प्रभ करतं, पण त्यात ते स्वतः खर्च होतं. बायकार्बोनेट ही घरखर्चाला काढून ठेवलेली रोकड समजा. रोज थोडी जाते आणि रोज तेवढीच परत भरावी लागते. भरण्याचं काम किडनीचं. निरोगी किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातलं चार हजारांहून जास्त मिलिमोल बायकार्बोनेट जवळजवळ सगळं परत रक्तात घेतात. शिवाय ग्लुटामिन या अमिनो आम्लापासून अमोनिया तयार करून त्याच्यासोबत आम्ल लघवीत सोडतात आणि खर्च झालं तेवढं नवं बायकार्बोनेट रक्ताला देतात. फुप्फुसांचं काम मिनिटांत होतं. किडनीला पूर्ण वेग घ्यायला तीन ते पाच दिवस लागतात, पण न भरलेली तूट भरून काढणारी तीच.

अण्णांची किडनी सुमारे चतुर्थांश क्षमतेवर आलीय. अमोनिया पुरेसा होत नाही, त्यामुळे रोजचं थोडं आम्ल आत राहतं आणि रक्तातलं बायकार्बोनेट २२ ते २६ ऐवजी १७ वर येतं. फुप्फुसं धडधाकट असतील तर श्वास थोडा वाढवून ती पीएच ७.३३ च्या आसपास तोलून धरतात. म्हणून अण्णा बसल्याजागी ठीक दिसतात. पण उरलेलं आम्ल कुठेतरी सामावून घ्यावं लागतं. हाडांतला क्षार त्यासाठी झिजतो, स्नायूंतली प्रथिनं तुटतात, पोटॅशियम वर सरकतं. हे महिनोन्महिने गुपचूप चालतं. कुठे दुखत नाही आणि म्हणूनच "महिनाभर गोळ्या थांबवून बघू" हा विचार मला घातक वाटतो. महिनाभरात अण्णांना काहीच जाणवलं नाही तर तुम्ही म्हणाल, पाणी लागू पडलं. जठरातली जळजळ आणि हा प्रकार या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. जळजळ नाही म्हणजे आम्ल नाही, असं समजू नका.

लघवीच्या पट्टीचं तर उलटंच आहे. लघवीचा पीएच ४.५ पासून ८ पर्यंत कुठेही असू शकतो आणि आम्लधर्मी लघवी म्हणजे किडनी आम्ल बाहेर टाकतेय. धडधाकट माणसाची, त्या गृहस्थांची स्वतःची सकाळची लघवीसुद्धा बहुतेक वेळा आम्लधर्मीच निघेल. अण्णांचं किती आम्ल मागे राहिलंय हे त्या पट्टीवर कळत नाही. ते रक्तातल्या बायकार्बोनेटवर कळतं आणि ते तुमच्या डॉक्टरांनी पाहिलंय.

नणंदेचा मुद्दा मात्र मला मोलाचा वाटला, कारण एकेकाळी मोठमोठे डॉक्टरही तिथेच अडकले होते. १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला पोलिओची भयानक साथ आली. ब्लेगडम रुग्णालयात रोज नवी मुलं येत होती, श्वासाचे स्नायू लुळे पडलेली. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं दिसायचं, तेव्हा डॉक्टरांना वाटलं, रक्त अल्कधर्मी झालंय, काहीतरी अनोळखी गडबड आहे. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने सांगितलं, ही मुलं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकू शकत नाहीत, म्हणून तो रक्तात साठलाय. शरीर बायकार्बोनेट वाढवून त्याला तोंड देतंय, तरी रक्त आम्लाकडेच चाललंय. २७ ऑगस्टला त्यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत भोक पाडून नळी घातली आणि हाताने रबरी पिशवी दाबून तिला श्वास दिला. शेवटच्या घटका मोजणारी ती मुलगी सावरली. पुढे काही महिने सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, मुलांच्या उशाशी बसून पिशव्या दाबत होते. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. आजचे अतिदक्षता विभाग तिथूनच सुरू झाले असं मानतात. मला ही हकिकत वैद्यकातल्या सर्वांत मोठ्या गोष्टींपैकी एक वाटते.

तेव्हा नणंदेला हे सांगा: बायकार्बोनेटचा एकटा आकडा वाढलेला चांगला आणि उतरलेला वाईट, असं नसतं. पीएच, कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट हे तिन्ही, त्या माणसाची किडनी आणि फुप्फुसं कशी आहेत त्यासकट, एकत्र वाचायचे असतात. अण्णांच्या बाबतीत किडनीचे आकडे समोर आहेत, म्हणून कारण स्पष्ट आहे. तिथेही गोळ्यांनी बायकार्बोनेट वाट्टेल तेवढं चढवायचं नसतं. नेहमीच्या पातळीच्या पलीकडे गेलं तर त्याचाही त्रास होतो.

लिंबू-टोमॅटोबद्दल. जिभेला आंबट लागलं म्हणजे रक्तात आम्ल वाढलं, असं होत नाही. लिंबातलं सायट्रेट शरीरात जळून त्यातून बायकार्बोनेटच तयार होतं. आम्लाचा भार खरा वाढतो तो मटण, चिकन, अंडी, चीज अशा पदार्थांनी. फळं-भाज्या हा भार कमी करतात आणि काही किडनीच्या रुग्णांत त्यांचा उपयोग होतो, हे खरं. पण अण्णांचं पोटॅशियम आधीच ५.१ आहे. म्हणून तर शहाळ्याचा सल्ला ऐकून मी चपापलो. एका शहाळ्याच्या पाण्यात सहज ५०० मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असतं. निरोगी माणसाला ते अमृतासारखं, पण अण्णांचं पोटॅशियम त्याने चढलं तर हृदयाचे ठोके अनियमित होऊन जिवावर बेतू शकतं. वरणावर लिंबाची फोड पिळायला काहीच हरकत नाही. दही किती आणि कोणत्या भाज्या उकळून पाणी टाकून करायच्या, हे आहारतज्ज्ञांकडून अण्णांच्या रिपोर्टप्रमाणे लिहून घ्या. टोमॅटोत पोटॅशियम असतं, तेव्हा त्याचं प्रमाणही त्यांनाच विचारा.

कॅन्सर आणि नोबेलचं थोडक्यात. ज्यांचं नाव या पत्रकांत वापरतात त्या ऑटो वॉरबुर्ग यांना १९३१ चं नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या एका एन्झाइमच्या शोधासाठी. अल्कलाइन पाण्याचा किंवा आहाराचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. आणि असल्या उपचारांचा प्रचार करणारे अमेरिकेतले रॉबर्ट यंग यांना परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल २०१६ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवलं. २०१८ मध्ये एका कॅन्सरग्रस्त स्त्रीला साडेदहा कोटी डॉलरची भरपाई द्यावी, असा निकाल सॅन दिएगोतल्या ज्यूरीने त्यांच्याविरुद्ध दिला. तिने त्यांच्यावर विसंबून नेहमीचे उपचार घेतले नव्हते.

अण्णांच्या पोट फुगण्याकडे आपण दुर्लक्ष करायचं नाही, कारण वाद तिथूनच सुरू झालाय. गोळीतलं बायकार्बोनेट जठरातल्या आम्लाला भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, तेच ढेकर. एकदम दोन घेण्याऐवजी त्याच सहा गोळ्या दिवसभरात जास्त वेळा विभागून घेतल्या तर बहुतेकांना आराम पडतो. डॉक्टरांना फोन करून तसं बदलून घ्या. तुडुंब जेवणावर लगेच घेऊ नये. सहा गोळ्यांतून साधारण ८०० मिलिग्रॅम सोडियम पोटात जातं, दोन ग्रॅम मिठाइतकं. म्हणून लोणचं, पापड, वरून घेतलेलं मीठ बंद. सकाळी वजन आणि रक्तदाब वहीत लिहा आणि पायांवर सूज आली किंवा रात्री उशा वाढवाव्या लागल्या तर लगेच कळवा. "शेवटी खायचा सोडाच ना" म्हणून डब्यातला सोडा चमच्याने देऊ नका. एका सपाट चहाच्या चमच्यात सुमारे पाच ग्रॅम सोडा बसतो, म्हणजे दहा गोळ्या एकदम.

आणि एक गोष्ट तुम्हीच लक्षात ठेवायची, कारण घरात ती दुसऱ्या कोणाच्या नजरेस पडणार नाही. अण्णा पेपर वाचत बसले असताना, त्यांना न सांगता, एक मिनिटभर त्यांच्या पोटाची हालचाल बघा आणि श्वास मोजा. सांगून मोजलं की माणूस नकळत श्वास बदलतो. एरवी १२ ते २० च्या दरम्यान येतात. त्यांचा नेहमीचा आकडा वहीत लिहून ठेवा. कधी बसल्याजागी श्वास खोल आणि भरभर चालू लागला, जोडीला उलट्या, पोटदुखी, गुंगी किंवा बोलण्यात घोळ असला, तर वाट न पाहता आयसीयू असलेल्या रुग्णालयात न्या. आडोल्फ कुसमाउल या जर्मन डॉक्टरांनी १८७४ मध्ये मधुमेहींतल्या अशा श्वासाचं वर्णन केलं होतं, अजूनही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. रुग्णालयात मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन एबीजी ही रक्तातले वायू आणि आम्ल मोजणारी तपासणी करतात, त्यात पीएच काही मिनिटांत कळतो. जाताना सगळी औषधं पिशवीत घाला आणि "डापाग्लिफ्लोझिन चालू आहे" हे विचारण्याआधी सांगा.

ते अशासाठी की या औषधावर असलेल्या माणसाने खाणं एकदम कमी केलं, उलट्या-जुलाब झाले, किंवा इन्शुलिन चालू असताना ते चुकलं, तर शरीर चरबी जाळताना तयार होणारी कीटोन आम्लं रक्तात साठू शकतात आणि त्या वेळी साखर फारशी वाढलेली नसते. ग्लुकोमीटरवर १८० बघून सगळे निर्धास्त राहतात. औषध चांगलंच आहे, किडनी जपतं, म्हणून तर चालू ठेवलंय. मात्र उपासाचं, आजारपणाचं आणि ऑपरेशनचं डॉक्टरांना आधी सांगायचं असतं. अशा दिवसांत ते काही काळ थांबवतात.

नणंदेशी भांडू नका. तिला वडिलांची काळजी आहे, म्हणूनच दीड लाख काढायला ती तयार झाली, आणि त्या पैशाला चांगला उपयोग आहे. घरी रक्तदाबाचं यंत्र, आहारतज्ज्ञांची भेट, दर काही महिन्यांनी बायकार्बोनेट-पोटॅशियमची तपासणी, हे सगळं त्यातल्या लहानशा भागात वर्षभर होईल. पुढच्या भेटीला तिलाच अण्णांबरोबर पाठवा. तिने डॉक्टरांना समोरासमोर विचारावं की या पाण्याने बायकार्बोनेट १७ चं २२ होईल का.

त्याच भेटीत नवरात्राचा विषय काढा. अण्णांना उपास सोडा म्हणणं तुम्हाला जड जाईल, तेव्हा ते डॉक्टरांच्या तोंडून येऊ द्या. नऊ दिवस निराहार किंवा अर्धपोटी राहणं त्यांना झेपणारं नाही. उपासाचं ताटही त्यांच्यासाठी सोपं नाही: बटाटा, रताळं आणि शेंगदाणे यांत पोटॅशियम भरपूर आणि सैंधव म्हटलं तरी ते मीठच. पुष्कळ घरांत वयस्कर माणसं उठता-बसता उपास करतात, पहिल्या दिवशी आणि शेवटच्या. अण्णांना तेवढं तरी करता येईल का, त्या दोन दिवशी भगर आणि थोडं ताक चालेल का, आणि डापाग्लिफ्लोझिन व साखरेच्या बाकीच्या औषधांचं काय करायचं, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. घटस्थापनेच्या आठवडाभर आधी रक्त तपासून घेतलंत तर हातात ताजे आकडे असतील आणि त्यावरून डॉक्टर हो किंवा नाही ठरवू शकतील.